टर्बाइनची बंद पडलेली कार्डे : एका दुरुस्ती व पुरवठा केंद्राची तीन वर्षांची पारख

रायगड जिल्ह्यातील ज्या कारखान्याच्या वीजगृहात मी इन्स्ट्रुमेंटेशनचे काम पाहतो, तेथे फ्रेम ६ जातीचे, सुमारे ३८ मेगावॅट क्षमतेचे एक गॅस टर्बाइन आहे आणि त्याचे नियंत्रण आजही जनरल इलेक्ट्रिकच्या स्पीडट्रॉनिक मार्क ५ पॅनेलवर चालते. ही प्रणाली १९९१ च्या सुमारास बाजारात आली. तिच्यानंतर मार्क ६ आणि मार्क ६ई या दोन पिढ्या आल्या, कंपनीचा वीजव्यवसाय २०२४ मध्ये जीई व्हर्नोव्हा या वेगळ्या नावाने स्वतंत्र झाला आणि अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यातील सेलम येथील ज्या कारखान्यात या मालिकेची कार्डे, म्हणजे पॅनेलमध्ये बसणारे इलेक्ट्रॉनिक सर्किटचे पाट, तयार होत, तो बंद करण्याचा निर्णय २०१९ मध्ये जाहीर झाला. आमच्या पॅनेलमधील कार्डांच्या क्रमांकाच्या आरंभी असलेली ‘डीएस’ ही अक्षरे सेलमचीच खूण आहेत. टर्बाइनचे लोखंड अजून कित्येक वर्षे चालेल. त्याला चालवणारी कार्डे मात्र आता नव्याने बनत नाहीत, आणि अशा कार्डांच्या दुरुस्तीसाठी व पुरवठ्यासाठी आम्ही गेली तीन वर्षे पुण्याच्या औद्योगिक पट्ट्यातील एका केंद्राकडे जात आहोत. या केंद्राचे नाव मी देत नाही, कारण पुढील मजकुरात तक्रारीचा भागही आहे. ज्यांच्याकडे अशी जुनी यंत्रे आहेत, त्यांना नावापेक्षा अनुभवाचा तपशील अधिक उपयोगी पडेल, असे मला वाटते.

संपूर्ण पॅनेलच का बदलत नाही, हा प्रश्न आमच्या प्रत्येक लेखापरीक्षणात विचारला जातो. मूळ उत्पादक मार्क ५ चे रूपांतर मार्क ६ई मध्ये करून देतो, आणि इमर्सनसारख्या दुसऱ्या कंपन्याही आपली नियंत्रण प्रणाली अशा टर्बाइनवर बसवून देतात. परंतु त्यासाठी लागणारा खर्च आणि लांबलेला शटडाऊन ही मोठ्या दुरुस्तीच्या वर्षीच पेलवणारी गोष्ट आहे, आणि आमच्याकडे ते वर्ष दोनदा पुढे ढकलले गेले आहे. तोपर्यंतचा काळ सुटी कार्डे मिळवून आणि दुरुस्त करून काढावा लागतो.

मार्क ५ ची रचना अशा काळाला बऱ्यापैकी साथ देते. तिच्यात ‘आर’, ‘एस’ आणि ‘टी’ हे तीन नियंत्रक कोअर एकाच वेळी तेच गणित करतात आणि तिघांपैकी दोघांचे मत ग्राह्य धरले जाते. त्यामुळे एका कोअरमधील एखादे कार्ड बिघडले तरी टर्बाइन चालू राहते, पडद्यावर डायग्नोस्टिक अलार्म येतो आणि सावधगिरी बाळगून त्या एका कोअरचा वीजपुरवठा बंद करून चालत्या यंत्रातही कार्ड बदलता येते. तथापि ही सवलत एका बिघाडापुरतीच असते. एक कोअर बंद असताना दुसऱ्यात काही झाले तर यंत्र ट्रिप होते, म्हणजे आपोआप बंद पडते, आणि कारखान्याची वाफ व वीज दोन्ही एकदम जातात. म्हणून भांडारात निदान एक चालू स्थितीतील कार्ड प्रत्येक प्रकाराचे असावे, असा आमचा आग्रह असतो.

या केंद्राकडे पहिले काम गेले ते वीजपुरवठा कार्डाचे. प्रत्येक कोअरमध्ये डीएस२००टीसीपीएस नावाचे एक कार्ड असते. ते १२५ व्होल्ट डीसी घेऊन कोअरमधील इतर कार्डांना ५, १५ आणि २४ व्होल्टचे पुरवठे देते. आमच्या ‘एस’ कोअरमधील ५ व्होल्टचा पुरवठा हळूहळू खाली सरकत होता आणि दुपारच्या वेळी तो कोअर आपोआप पुन्हा सुरू होई. कार्ड पाठवल्यानंतर केंद्राने जे केले ते मला मनापासून आवडले. त्यांनी केवळ निकामी झालेला भाग बदलून कार्ड परत धाडले नाही. कार्डावरील सर्व इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर काढून त्यांची धारिता आणि अंतर्गत रोध मोजला, ते आकडे अहवालात लिहिले आणि जे अजून मर्यादेत होते तेही बदलले. हे शहाणपणाचे होते. अशा कपॅसिटरचे आयुष्य तापमानात दर १० अंश सेल्सियसच्या वाढीबरोबर साधारण निम्मे होते, आणि एका कार्डावरचे सगळे कपॅसिटर तीच उष्णता तितकीच वर्षे सोसत आलेले असतात. एक गेला म्हणजे बाकीचे रांगेत उभे आहेत, असे समजावे. जुन्या कथिल-शिशाच्या सोल्डरवर त्यांनी त्याच जातीचे सोल्डर वापरले होते, नव्या शिशाविरहित सोल्डरची सरमिसळ केली नव्हती, आणि जेथे वरचा संरक्षक लेप खरवडला होता तेथे तो पुन्हा दिला होता. ते कार्ड अडीच वर्षे विनातक्रार चालू आहे.

त्याच अहवालात एक न मागितलेली टीप होती. कनेक्टरच्या पिनांवर आणि एका चिपच्या पायांशी हिरवट गंज आढळल्याचे त्यांनी छायाचित्रासह कळवले होते आणि नियंत्रण कक्षातील हवा तपासून घ्या, असे सुचवले होते. आमचा कारखाना खाडीच्या काठी आहे. कक्षाचे वातानुकूलन चालू असले तरी दाराखालून येणाऱ्या हवेचा कोणी विचार केला नव्हता. आम्ही तांब्याच्या चाचणीपट्ट्या लावल्या. आयएसए ७१.०४ या मानकानुसार सौम्य श्रेणीत राहायचे तर तांब्यावरील गंजाचा थर महिन्याला ३०० अँगस्ट्रॉमच्या आत असावा लागतो, आणि आमचा त्याहून वर निघाला. कक्षात दाब राखणारा आणि हवा गाळणारा संच बसवणे हे त्यानंतरचे काम झाले. दुरुस्तीचे दर थोडे चढे असूनही मी या केंद्राला पहिल्या वर्षी इतके झुकते माप दिले, त्याचे खरे कारण ही टीप होय.

आता पुरवठ्याकडे वळतो. येथे माझे मत बदलते.

जुने कार्ड विकत घेताना त्याचे नाव पुरेसे नसते. डीएस२००टीसीक्यूए हे ॲनालॉग संकेत हाताळणारे कार्ड आहे, इंधन झडप हलवणाऱ्या सर्व्होला प्रवाह देणे आणि तिच्या स्थितीचे संकेत वाचणे ही कामे त्याच्याकडे असतात. परंतु या नावापुढे गट दाखवणारा अंक असतो आणि त्याच्यापुढे सुधारणेची अक्षरे असतात. काही अक्षरांतील बदल जुन्याच्या जागी चालतात, काही चालत नाहीत, आणि हे फक्त उत्पादकाच्या दस्तऐवजांवरून ठरवता येते. आम्ही पूर्ण क्रमांक देऊन मागणी केली होती. केंद्राने आधीच्या सुधारणेचे कार्ड पाठवले आणि सोबतच्या पत्रात ‘सुसंगत’ एवढा एकच शब्द लिहिला. कशावरून सुसंगत, असे विचारल्यावर परदेशातील विक्रेत्याचा ईमेल पुढे करण्यात आला. हा पुरावा मी मान्य केला नाही. ते कार्ड परत गेले आणि दुसरे यायला अकरा आठवडे लागले. मधल्या काळात आमच्या भांडारात त्या प्रकाराचे एकही कार्ड नव्हते.

दुसरे आलेले कार्ड ‘नवे, न वापरलेले’ म्हणून होते. आमच्या तंत्रज्ञाने भिंगाखाली पाहिले तेव्हा कनेक्टरच्या पिनांवर घासल्याच्या बारीक रेषा होत्या, आणि १९९६ च्या कार्डावर एका चिपवरील चार अंकी सांकेतिक आकडा २००८ च्या बाराव्या आठवड्याचा होता. म्हणजे ते कार्ड कुठेतरी वापरले गेले होते आणि एकदा दुरुस्तही झाले होते. दुरुस्त केलेले कार्ड वाईटच असते असे माझे म्हणणे नाही, आमच्या पॅनेलमधील निम्मी कार्डे तशीच आहेत. मात्र त्याची किंमत आणि त्याचा इतिहास खरा सांगितला गेला पाहिजे. कायद्याच्या दृष्टीनेही हा फरक किरकोळ नाही. आपल्या परराष्ट्र व्यापार धोरणानुसार भांडवली यंत्रांचे नूतनीकृत सुटे भाग आयात करताना, मूळ भागाच्या तुलनेत किमान ८० टक्के आयुष्य शिल्लक असल्याचे चार्टर्ड इंजिनिअरचे प्रमाणपत्र लागते. नवे म्हणून आलेल्या मालाला ते लागत नाही. केंद्राने चूक कबूल केली, किमतीत कपात दिली आणि आपणही विक्रेत्याच्या शब्दावर विसंबलो होतो असे सांगितले. ते खरे असेलही. पण मग आम्ही मध्यस्थाला जो नफा देतो तो कोणत्या तपासणीसाठी, हा प्रश्न उरतोच.

कार्डे इतकी दुर्मीळ का होतात, याचे कारण कार्डाच्या उत्पादकापेक्षा अनेकदा चिपच्या उत्पादकाकडे असते. या पिढीतील अनेक कार्डांवर इंटेलच्या ८०१८६ आणि ८०१९६ या घराण्यांतील प्रोसेसर आहेत. इंटेलने ही जुनी घराणी बंद करत असल्याचे २००६ मध्ये कळवले आणि २००७ मध्ये त्यांचा पुरवठा थांबवला. तेव्हापासून शिल्लक साठा, परवान्यावर बनवलेल्या चिपा आणि भंगारातील कार्डांवरून उतरवलेल्या चिपा यांवरच हा व्यवहार चालतो. उतरवलेली चिप घासून, तिच्यावर काळा लेप देऊन आणि नवे अक्षर छापून विकण्याचा धंदाही या टंचाईतूनच वाढला. ॲसिटोनचा बोळा फिरवला की काही लेप उतरतात, पण सगळे उतरत नाहीत. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरील इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात एखादी जुनी ईप्रॉम, म्हणजे प्रोग्राम साठवणारी चिप, आजही मिळून जाते. सुरक्षेशी संबंध असलेल्या कार्डासाठी मी स्वतः तेथून प्रोसेसर आणणार नाही, आणि केंद्राचे प्रमुखही आणत नाहीत, एवढे त्यांनी मला खरेदीची बिले दाखवून पटवले आहे.

सर्वांत गंभीर प्रसंग मात्र चिपचा किंवा सुधारणेच्या अक्षराचा नव्हता. तो तीन-चार मिलिमीटरच्या प्लास्टिकच्या टोपणांचा होता.

मार्क ५ मध्ये तीन नियंत्रकांखेरीज ‘पी’ नावाचा एक संरक्षक कोअर असतो. त्यात डीएस२००टीसीईए या प्रकाराची तीन कार्डे एक्स, वाय आणि झेड या स्थानांवर बसतात. टर्बाइनच्या दंडावरील दातेरी चाकासमोरच्या पिकअपमधून, म्हणजे वेग टिपणाऱ्या संवेदकातून, येणारा वेग ही कार्डे स्वतंत्रपणे मोजतात आणि तो मर्यादेबाहेर गेला तर इंधन तोडण्याचा कौल देतात. नियंत्रकांमधील अतिवेग-संरक्षण काही कारणाने चुकले तर हे शेवटचे कुंपण असते. ही मर्यादा केवळ सॉफ्टवेअरमध्ये नसते. कार्डावरील जंपरांच्या, म्हणजे दोन पिना जोडणाऱ्या त्या प्लास्टिकच्या टोपणांच्या, मांडणीनेही ती ठरवावी लागते, आणि जंपर व संगणकातील स्थिरांक जुळले नाहीत तर अलार्म येतो. त्याच कार्डावर ते एक्स आहे, वाय आहे की झेड, हेही जंपरानेच सांगायचे असते. आमच्या फ्रेम ६ चा दंड मिनिटाला ५,१६३ फेऱ्या घेतो आणि त्यापुढे गिअरबॉक्स आहे. फ्रेम ९ जनित्राला थेट जोडलेले असते आणि मिनिटाला ३,००० फेऱ्यांवर चालते. दोघांनाही हेच कार्ड लागते.

केंद्राकडून आलेले राखीव टीसीईए कार्ड ‘तपासलेले, बसवण्यास तयार’ अशी चिठ्ठी लावून आले होते. सुदैवाने आमच्याकडे जुन्या अधिकाऱ्यांनी लावून दिलेली एक शिस्त आहे. कोणतेही कार्ड बसवण्यापूर्वी जुने आणि नवे टेबलावर शेजारी ठेवून प्रत्येक जंपर दोन माणसांनी मोठ्याने वाचायचा. तो वाचताना वेगाची मांडणी आमच्याशी जुळत नसल्याचे दिसले. ओळखीच्या कोष्टकावरून ती ३,००० फेऱ्यांच्या यंत्राची निघाली. आमच्या यंत्रात ते कार्ड तसेच बसले असते तर अलार्म आला असता आणि तो दुर्लक्षित राहिला असता, तर फार तर यंत्र चढताना एका कार्डाने चुकीचा कौल दिला असता. आम्ही वाचलो, कारण फरक उघड होता. याच्या उलट घडते तर? ३,००० फेऱ्यांच्या यंत्रात आमच्या मांडणीचे कार्ड गेले तर ते कार्ड अतिवेगाच्या वेळी गप्प बसेल. आणि फ्रेम ५ चे कार्ड, जिचा वेग ५,१०० आहे, आमच्याकडे आले असते तर दोन मांडण्यांतील फरक इतका थोडा आहे की घाईच्या रात्री तो नजरेतून निसटण्याची भीती मला आजही वाटते.

फोनवर केंद्राच्या अभियंत्याने शांतपणे सांगितले, “साहेब, जंपर ग्राहकानेच लावायचे असतात, आमची जबाबदारी कार्ड चालण्यापुरती.” तांत्रिकदृष्ट्या तो चुकीचा नव्हता. उत्पादकाची पुस्तिकाही बदललेल्या कार्डाचे जंपर जुन्याप्रमाणे लावण्याची सूचना बसवणाऱ्यालाच देते. पण मग ‘बसवण्यास तयार’ हे शब्द चिठ्ठीवर येता कामा नयेत. मी लेखी तक्रार केली. त्यानंतर त्यांच्या अहवालात तीन बदल झाले : प्रत्येक कार्डाच्या जंपरांचे, ते हाती आले तेव्हाचे आणि पाठवतानाचे, असे दोन वेळचे छायाचित्र जोडले जाते, सॉकेटमधील ईप्रॉम कोणाच्या आहेत हे लिहिले जाते, आणि चिठ्ठीवर ‘मांडणी ग्राहकाने पडताळावी’ असे लाल अक्षरांत छापलेले असते. ईप्रॉमचा मुद्दा महत्त्वाचा आहे. बदली कार्डात जुन्या कार्डावरील ईप्रॉम काढून बसवाव्या लागतात, आणि पाठवताना आमचे कार्ड ईप्रॉमसकट गेले असेल तर त्या परत येणे हे कार्ड परत येण्याइतकेच आवश्यक असते. एकदा त्या आल्या नव्हत्या. दोन दिवसांनी कुरिअरने आल्या.

त्यांच्या चाचणीविषयीही स्पष्ट लिहिले पाहिजे. केंद्रात एका कोअरएवढी मार्क ५ ची जुळणी आहे. कार्ड तिच्यात बसवून सुरू करतात, कोअरची स्थिती ए७ वर पोहोचते का ते पाहतात, प्रत्येक मार्गिकेला संकेत देऊन वाचन नोंदवतात आणि कार्ड ४८ तास चालू ठेवतात. ए७ म्हणजे कोअर नेहमीच्या कामाला लागला, एवढाच त्याचा अर्थ. तीन कोअर एकमेकांशी मत जुळवत असताना कार्ड कसे वागते, खऱ्या सर्व्होच्या गुंडाळीला प्रवाह देताना ते स्थिर राहते का, हे तेथे कळत नाही. आमचे एक टीसीक्यूए कार्ड त्यांच्या चाचणीत पूर्ण उतरले आणि आमच्याकडे बसल्यावर इतर दोन कोअरच्या तुलनेत झडपेची स्थिती किंचित वेगळी वाचू लागले. तक्रार केल्यावर त्यांनी एक अभियंता पाठवला, त्याचा प्रवासखर्च घेतला नाही, आणि रिबन केबलचा एक कनेक्टर आमच्या बाजूचा सैल असल्याचे शोधून दाखवले. तेव्हा तो दोष त्यांचा नव्हता. चाचणी अपुरी असण्याचे माझे मत मात्र तसेच आहे, आणि ती मर्यादा अहवालात लिहा, ही मागणी त्यांनी अजून मान्य केलेली नाही.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात सांगता येतील. वेष्टन उत्तम असते, स्थितिक विद्युत रोखणारी चंदेरी पिशवी, आर्द्रता दाखवणारे कार्ड आणि आत फोम. कोटेशन दोन दिवसांत येते, दुरुस्तीला साधारण तीन आठवडे लागतात आणि तो शब्द ते पाळतात. दुरुस्तीला बाहेर जाणाऱ्या कार्डांच्या गेटपासवरून आमच्याच लेखा विभागाने जास्त वेळ घालवला आहे. हमी एक वर्षाची असते. पुरवठ्याची मुदत ते सांगतात तिच्या दीडपट धरावी. रात्री अकरा वाजता फोन केला तरी उचलला जातो, ही गोष्ट ज्याने बंद पडलेल्या टर्बाइनसमोर उभे राहून फोन केला आहे त्यालाच कळेल.

या तीन वर्षांनंतर आम्ही आमची पद्धत बदलली आहे. बाहेरून कार्ड आणण्याआधी आमच्याकडचे मृत कार्ड दुरुस्तीला जाते. त्याचा इतिहास आम्हाला ठाऊक असतो, ईप्रॉम आमच्या असतात, सुधारणेचे अक्षर तेच असते. यापूर्वी भंगारात काढण्यासाठी वेगळी ठेवलेली सात कार्डे आम्ही भांडारातून परत बाहेर काढली आणि त्यांपैकी पाच या केंद्राने चालू करून दिली. दोन कार्डांवर पाटाच्या आतील थर जळाले होते आणि ती होणार नाहीत, हे त्यांनी पैसे न घेता सांगितले. नव्या वार्षिक करारात दुरुस्तीचे काम आम्ही त्यांच्याकडेच ठेवले आहे. पुरवठ्याचा भाग वगळला असून तो प्रत्येक वेळी स्वतंत्र मागणीने, पूर्ण क्रमांक, मूळ स्थानाचा उल्लेख आणि छायाचित्रे हाती आल्यावरच दिला जाईल. केंद्राच्या प्रमुखांना हे फारसे रुचलेले नाही. येत्या शटडाऊनमध्ये दुरुस्त केलेली पाचही कार्डे एकेक करून चालत्या कोअरमध्ये बसवून पाहायची आहेत. वीजपुरवठ्याचे कार्ड पहिले लागेल आणि टीसीईए, जंपर पुन्हा एकदा मोठ्याने वाचून, शेवटी.